सांडलवंड

चॉपस्टिक्स हातात आल्या आणि इराचा उजवा हात थरथरायला लागला.

मिसेस लिमच्या टेबलाभोवती चौदा माणसं उभी होती. मध्ये परातीएवढी थाळी. तिच्यात किसलेलं गाजर, मुळा, पपनसाच्या फोडी, तीळ, दाण्याचं कूट. पाहुणे शाकाहारी म्हणून त्यातला मासा वेगळ्या बशीत काढून ठेवला होता. चिनी नवीन वर्षाचा सातवा दिवस होता, आणि मिसेस लिम म्हणजे क्षिप्रामावशीची सिंगापूरच्या बुकित पंजांगमधली समोरच्या दाराची शेजारीण. नाही म्हणायची सोय नव्हती.

इरा नऊ वर्षांची. आईबाबांबरोबर पुण्याहून मावशीकडे आठ दिवसांसाठी आली होती. वर्षभरापासून काही धरायला गेलं की तिचा हात थरथरायचा. डॉक्टर म्हणाले होते, धोका काही नाही, काही जणांना असतं. पण हे वर्गातल्या मुलांना कोण सांगणार? त्यांनी तिचं नाव ‘भूकंप’ ठेवलं. तेव्हापासून इरा चारचौघांत जेवायची बंद झाली. ‘भूक नाही’ एवढंच म्हणायची, आणि डबा भरलेला परत यायचा.

तिच्या बाबाचा, सुबोधचा, सवयीवर फार विश्वास. निघण्याआधी पंधरा दिवस त्याने तिला चॉपस्टिक्सने शेंगदाणे उचलायला बसवलं. स्वतः मात्र चॉपस्टिक्सना हात लावायचा नाही. मोबाईलवर व्हिडिओ लावून समोर बसायचा. “चारचौघांत हसं होता कामा नये,” हे पालुपद. एक शेंगदाणा वाटीत पडेपर्यंत पाच जमिनीवर पडत. मुंग्यांची चंगळ झाली आणि इराने सिंगापूरचा धसका घेतला.

मुलांना चिनी संस्कृती दाखवायची, ही हौस मावशीची. यादी तिनेच केली होती, आणि यादीत नेमकी सगळी नाजूक हाताची कामं. चायनाटाऊनमध्ये कुंचल्याने चिनी अक्षरं काढायची होती. इरा म्हणाली, पोट दुखतंय. सुबोध म्हणाला, मी फोटो काढतो. फोटो सगळे हललेले आले. मग चहाच्या दुकानात पणतीएवढ्या कपांत चहा आला. इराला तहान नव्हती, सुबोधला नेमका ऑफिसचा फोन आला.

“बापलेक अगदी एका माळेचे मणी!” मावशी वैतागली. इराच्या आईने, शैलाने, घाईने विषय बदलला.

आणि आता ही थाळी.

“कोपर अंगाला घट्ट लावून धर,” सुबोध इराच्या कानाशी पुटपुटला. “मग कमी हलतो.”

मिसेस लिमने थाळीवर सॉस ओतला आणि हात वर केला. सगळ्या चॉपस्टिक्स एकदम थाळीत घुसल्या. इराने डोळे मिटून घेतले. ‘भूक नाही’ म्हणायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्या डोक्यावर गाजर पडलं.

तिने डोळे उघडले. सगळी मोठी माणसं थाळीतलं अन्न वर उडवत होती. नुसतं उडवत नव्हती, चांगली ओरडत होती. टेबलावर मुळा, जमिनीवर मुळा, मिसेस लिमच्या नव्याकोऱ्या लाल ड्रेसवर मुळा. मावशीचा सहा वर्षांचा अनीश खुर्चीवर चढून किंचाळला, “हायर ला, अजून उंच, इराताई! सांडायचंच असतं!”

“जितकं उंच उडेल, तितकं वर्ष चांगलं जातं,” मिसेस लिम इंग्रजीत म्हणाली. “इथे नीटनेटकं काही करायचं नाही.”

इराने चॉपस्टिक्स पुढे केल्या. हात थरथरला. तिने थरथरू दिला. गाजराचा झुपका उडाला तो थेट लिमकाकांच्या चष्म्यावर जाऊन बसला. टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. “हिच्या हाताला बरकत आहे!” मावशी ओरडली. इरा खदखदून हसली. असं हसून तिला वर्ष झालं होतं.

मग सवयीने तिने बाबाकडे बघितलं. तो डोळे वटारणार, याची तिला खात्री होती. पण सुबोध खिशात हात घालून भिंतीला टेकला होता.

“मिस्टर सुबोध, तुम्हीसुद्धा!” मिसेस लिम म्हणाली.

“नको, नको. मी फोटो काढतो.”

“फोटो नंतर. तुमचं वर्ष वाईट गेलेलं मला चालणार नाही.” तिने त्याचा हात धरून त्याला टेबलापाशी आणलं आणि चॉपस्टिक्स त्याच्या बोटांत दिल्या.

त्या एकमेकींवर टकटक वाजायला लागल्या. आवाज बारीकच होता. पण पंधरा दिवस इराने तोच ऐकला होता, स्वतःच्या हातातला. ती बघतच राहिली.

शैला मान वळवून खिडकीबाहेर बघू लागली. तिला लग्नापासून माहीत होतं. फक्त बोलायची बंदी होती.

“बाबा, तुझा पण?”

“हो.”

“कधीपासून?”

“तुझ्याएवढा होतो तेव्हापासून.”

खरं तर इराला राग यायला हवा होता. पण छातीवरून कुणीतरी दप्तर उतरवून घ्यावं तसं तिला हलकं वाटलं. “मग मला का नाही सांगितलंस? मला वाटायचं, मी एकटीच आहे.”

सुबोधने थाळीतून मोठा झुपका उचलला. वर जायच्या आधीच अर्धा त्याच्याच शर्टावर सांडला. त्याने तो झटकला नाही. तो हसत होता, आणि डोळे भरून आले होते.

“तीस वर्षं लपवण्यात गेली गं,” तो म्हणाला. “तुलाही तेच शिकवत होतो.”