केळ्यांवरचा शर्ट

"पप्पा, बोटीवर जास्त अपशकुनी कोण, केळं की मी?" मैत्रिणींशी पैज होती, म्हणून विचारलंच. उद्या अमेरिकन गिऱ्हाइकांना आमच्या केपोस गावच्या समुद्रात सेलफिश मासे धरायला न्यायचं म्हणून बांधाबांध चालली होती. पप्पांनी पिशवीतून आईने चुकून ठेवलेली केळी काढली, मग बोटीवर घालायला मी ठेवलेला माझा लांब बाह्यांचा शर्टही त्यातून काढून केळ्यांवर फेकला. "पोरगी चढली की मासा लागत नाही, योर्लेनी. तुझे आजोबाही हेच सांगायचे." "आणि ओल्मान चढला की? तो तर बोट धक्क्यावरून सुटायच्या आधीच ओकतो!" "ए, एकदाच!" भाऊ ओरडला. पिशवीतला एकेक गळ मी बांधलाय, हातमोजे मी धुतलेत! डोकं भणाणलं. मी शर्ट तिथेच अंगात चढवला. "पप्पा, आई, नीट ऐका. दोन्या फ्लोरिबेतबाईंना त्यांच्या बोटीवर एक माणूस हवाय, मला विचारलंय. मी त्यांना हो सांगायला चाललेय. उद्या तुमच्या शेजारीच गळ टाकणार!"