खिशातली स्ट्रिप

बायकोला वर्षभरात एकही फिट आली नव्हती. आज डॉक्टर गोळीचं प्रमाण कमी करणार म्हणून घरात नुसती लगीनघाई चालली होती.

आठ वाजता मी तिला गोळी दिली. चुकून दोनदा घेतली जाऊ नये म्हणून स्ट्रिप माझ्याच खिशात असते.

"नवरदेव, भांग तरी सरळ पाडा," ती हसून म्हणाली.

मी कंगवा उचलला, तोच खिशात टक् असा आवाज झाला. स्ट्रिप काढून पाहिली, तर आणखी एक गोळी निघालेली. खिसा चाचपला. तिथं काहीच नव्हतं.

"अहो, दुसरी कशाला भरवलीत?" तिनं तोंड कडवट करत विचारलं.

मी चार हात लांब उभा होतो. मी स्ट्रिप मुठीत गच्च आवळली.

मुठीत टक् झालं. समोर तिनं आवंढा गिळला.