शेरा : टाळा

"फादर, 'टाळा' म्हणजे अगदी टाळाच? 'जपून पाहा' नाही चालणार?"

मांडणीकारानं हे संगणकाच्या पडद्यावरची नजर न हलवता विचारलं. चर्चच्या साप्ताहिकात सहाव्या पानावर फादरांचं चित्रपट-परीक्षण असे. त्याखाली चारपैकी एक शेरा : सर्वांसाठी, मोठ्यांसाठी, जपून पाहा, टाळा. अकरा वर्षांत 'टाळा' नऊ वेळा पडला होता.

"टाळाच," फादर म्हणाले.

"बरं. तुमच्या 'टाळा'नं तिकिटं जास्त खपतात म्हणून विचारलं. थिएटरवाला तुमच्या नावानं मेणबत्ती लावतो म्हणे."

फादर हसले नाहीत. मांडणीकार चहा प्यायला खाली गेला.

खोलीत उरली मुद्रितशोधक. ऑफिसात तिला तोंडावरसुद्धा 'काना-मात्रा' म्हणत, आणि ती ओ देई. एरवी हे पान ती दहा मिनिटांत वाचून टाके. आज अर्धा तास झाला होता आणि कागदावर लाल पेनाची एकही खूण नव्हती.

सिनेमा तिनंही पाहिला होता. त्या महिन्यात सगळ्यांनीच पाहिला होता. त्यात एक खुनी पापनिवेदनाला येऊन धर्मगुरूला सगळं सांगतो. खटला भलत्याच माणसावर चालतो. शेवटच्या दिवशी धर्मगुरू कोर्टात उभा राहतो, तोंड उघडत नाही, फक्त मान वळवून खऱ्या खुन्याकडे पाहतो. इथे थिएटरात शिट्ट्या पडत.

फादरांनी लिहिलं होतं : "पापनिवेदनात ऐकलेलं धर्मगुरू शब्दानं सांगत नाही, खुणेनं सांगत नाही, नजरेनंही सांगत नाही. समोर फाशीचा दोर असला तरी नाही. या चित्रपटानं एका विश्वासघाताला टाळ्या मिळवून दिल्या आहेत."

"फादर, एक विचारू? मजकुरातलं नाही."

"विचारा."

"तो नुसता बघतो. तेवढ्यानंही बंधन मोडतं?"

"मोडतं."

"बिचारा निरपराध सुटला तरी?"

"तरी."

तिचा नवरा चर्चच्या गाडीवर ड्रायव्हर होता. गेले तेरा महिने तो तुरुंगात होता. एका बुधवारी संध्याकाळी चर्चमागच्या वळणावर सायकलवरचा एक शिंपी चिरडला गेला, आणि सकाळी गाडी जागेवर सापडली ती पुढचा दिवा फुटलेली. ड्रायव्हर म्हणाला, मी दारू पिऊन घरी झोपलो होतो. याला साक्ष देणारं कोणी नव्हतं. बायको इथे ऑफिसात होती. त्या बुधवारी फादर सिनेमाहून उशिरा आले आणि सहावं पान साडेनऊपर्यंत अडलं. नवऱ्याला सात वर्षांची शिक्षा झाली. आता सोमवारी अपील होतं. गाडीची किल्ली फादरांच्या खोलीतल्या खिळ्याला टांगलेली असे. ती त्या संध्याकाळी कोणी नेली, हे वकिलांना फादरांनाच विचारायचं होतं. पोलिसांनी ते विचारलंच नव्हतं.

"रविवारी भेटायला गेले होते," ती म्हणाली. "म्हणतो, कदाचित मीच असेन गं. मला कुठे काय आठवतंय. तेरा महिन्यांत पहिल्यांदा असं बोलला. तेही भिंतीकडे बघून."

फादरांनी पेनाचं टोपण लावलं.

"सोमवारी तुम्हाला बोलावतील."

"माहीत आहे."

"शपथेवर विचारतील, किल्ली कोणी नेली."

"विचारतील."

"मग?"

"त्याबद्दल मला बोलता येणार नाही, बाई."

तिनं हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग फादरांकडे. वर्षभरात ते निम्मे झाले होते. रात्रीचं जेवण सोडलं होतं. विचारलं तर पित्ताचं कारण सांगत. ती सावकाश खुर्चीवर बसली.

"म्हणजे कोणीतरी तुमच्याजवळ बोलून गेलंय."

फादरांनी ओठ उघडले.

"नका बोलू! मानही हलवू नका. तुम्हीच लिहिलंयत, खुणेनंसुद्धा नाही." तिचा आवाज फाटला. "आणि मी तेरा महिने मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घालतेय. याच्या नाकाखालून किल्ली गेली नि हा पिक्चर बघत हिंडतो, असं म्हणत होते. आणि तुम्ही हे ओझं गिळून बसलात."

"बाई, ऐका—"

"ऐकवू नका काही. तो निरपराध आहे, एवढं कळलं मला. पुरे झालं. नीट वागला तर पाचेक वर्षांत सुटेल. वकिलांना सांगते, फादरांना बोलवायचं नाही."

"विचार करा. वकिलांकडे दुसरा धागा नाही."

"केला विचार. तुम्हाला पापात ढकलून त्याला घरी आणलं, तर वेदीसमोर गुडघे कुठल्या तोंडानं टेकू?"

तिनं तिथूनच फोन लावला. "हो, फादरांचं नाव काढा. नाही, कोणी दबाव नाही आणला. लेखी देते ना... होऊ दे काय व्हायचं ते." फोन ठेवून तिनं डोळे पुसले, पान शेवटपर्यंत वाचलं आणि कोपऱ्यात आद्याक्षर घातलं.

मांडणीकार वर आला. "काय, सापडला का एखादा काना?"

"मजकूर स्वच्छ आहे," ती म्हणाली, आणि जाताना फादरांच्या हाताला तिनं कपाळ टेकवलं.

फादरांनी सही केली. पान छपाईला गेलं. त्या अपघाताविषयी त्यांच्याकडे आजवर कोणीही पापनिवेदन केलं नव्हतं. त्या संध्याकाळी गाडीत ते एकटेच होते.