दुसरं फीड

नवं टिपण वाचकापर्यंत आपोआप पोचवणारी फीड शोधून देणारी साधनं इंटरनेटवर असतात. असं प्रत्येक साधन मी आधी स्वतःच्या ब्लॉगवर लावून पाहतो. बदकांवरची माझी टिपणं बायको लेम्पीशिवाय कोणी वाचत नसावं. त्या सकाळी मात्र एकाऐवजी दोन फीड सापडली.

"वाचक एक आणि फीड दोन," लेम्पी बूट चढवत म्हणाली. "मोठा लेखक झालास की रे."

गोठलेल्या तळ्यावरचं आमचं मासेमारीचं खोपट बर्फ वितळण्याआधी हलवायची मुदत आज संपत होती. ते आणायला ती ट्रक घेऊन निघाली.

दुसऱ्या फीडमध्ये माझीच टिपणं होती, शब्द न् शब्द. पण प्रत्येकावरची वेळ मी ते लिहिण्याच्या तासभर आधीची होती. माझंच काही चुकलं असेल, म्हणून मी पुन्हा शोध घेतला.

आता सगळ्यात वर आजचं टिपण होतं. मी अजून काहीच लिहिलं नव्हतं.

'आज बदकांविषयी लिहिणार नाही. लेम्पीचा ट्रक खोपटापर्यंत पोचलाच नाही.'

मी फोन लावला. "लेम्पी, आहेस तिथून मागे फीर."

"काय म्हणतोस? नीट ऐकू येत नाहीये," ती म्हणाली. "खाली बर्फ फार वाजतोय."