हातावरचे केस

शालूबाईंच्या नवऱ्याला नीट दिसेनासं झालं, तसं पडवीतलं रंधा मशीन बंद पडलं. आज चार वर्षांनी लेक दीपमालानं त्याची पाती काढली आणि दुपारभर दगडावर घासली.

"आण्णा, धार लागली वाटतं. कागद कापून बघू?"

"कागदावर काय कळतंय? हितं बघ. मी जलमभर हितंच बघत आलो."

आण्णांनी बाही सारून डावा हात पुढं केला. दीपमालानं पातं अलगद फिरवलं, तसे चार वर्षांत दाट वाढलेले केस भुरभुर खाली पडले.

शालूबाई उंबऱ्यातनं उठून आल्या. त्या गुळगुळीत हातावरनं त्यांनी बोटं फिरवली.

"आवं, लग्नात धरलेला हात ह्यो. मधी कुणाचा घिऊन बसला हुता?"