काचेची पट्टी
"बांधकामच कच्चं, म्हणून भिंती तडकल्या. इथे सही करा," कंपनीचा साहेब म्हणाला. म्हाताऱ्या गवंड्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे घर त्याने स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. कंपनी जमिनीच्या पोटात दाबाने पाणी सोडू लागली, तेव्हापासून ते हादरत होतं. प्रत्येक भेगेवर त्याने सिमेंटने काचेची पट्टी बसवली होती. भेग वाढून काच तुटली की तो खिळ्याने शेजारी तारीख-वार कोरायचा. त्या तारखा बघून साहेब म्हणाला, "भूकंप देवाच्या हातात असतो, बाबा." "असेल. पण रविवारी तुमचे पंप बंद, आणि रविवारी एकही काच तुटलेली नाही. देवालाही सुट्टी तुम्हीच देता का?" दारात सून खुदकन हसली. गवंड्याने नवी काच लावली आणि खिळा साहेबाच्या हातात दिला. "आज रविवार. सही तुम्ही करा, या ओल्या सिमेंटवर. उद्या तुकडे न्यायला या."