कवेत

शेवटच्या कुस्तीआधी डॉक्टरांनी डब्याएवढं एक्स-रे यंत्र हैबती पैलवानाच्या कुशीला लावलं आणि टेबलावर, हवेत, त्याच्या छातीचा अख्खा पिंजरा उभा राहिला. पांढराशुभ्र, हात लावून बघावा इतका खरा. डावीकडच्या एका फासळीला केसाएवढी चीर होती.

"खेळू नका," डॉक्टर म्हणाले.

"माघार घेतली तर गावात कुठल्या तोंडानं जाऊ, सांगा की!" हैबती हसला.

ज्याच्याशी लढायचं होतं तो दौलू पडद्याआड पाळीची वाट बघत होता. त्यानं सगळं पाहिलं. त्याच्या वस्तादांनीही. "डावी कूस," ते एवढंच पुटपुटले.

मैदानात हैबतीनं मूठभर लाल माती दौलूच्या खांद्याला लावून सलामी दिली. दौलूला त्याचा चेहरा दिसलाच नाही. समोर उभा होता तो पांढरा पिंजरा, आणि त्यातली ती चीर. मुसंडी मारून त्यानं हैबतीला कवेत घेतलं, डाव्या कुशीत मनगट रुतवलं आणि आवळलं.

"सोड रं," हैबती कण्हला.

दौलूनं आणखी आवळलं. काडकन आवाज झाला आणि हैबतीच्या तोंडातली रक्ताची गुळणी दौलूच्या गालावर आली.

हलगी कडाडली. फेटे उडाले. गर्दीतून दौलूची पोर "आबा!" करत, हात पसरून धावत आली. तिच्या फ्रॉकआडून काड्यांसारख्या फासळ्या त्याला लख्ख दिसल्या.

"जवळ येऊ नगंस!" तो ओरडला, आणि आपलेच दोन्ही हात त्यानं पाठीमागे करकचून धरून ठेवले.